तिसरा उमेदवार

१९ मार्च १९२४, बुधवार. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी मतदारसंघात त्या दिवशी पार्लमेंटची पोटनिवडणूक झाली. चर्चिलचं कुठलंही चरित्र उघडलं तरी ही निवडणूक त्यात सापडते, कारण ते तिथे ४३ मतांनी पडले. आमच्या घरात मात्र ती चर्चिलची निवडणूक म्हणून कधी सांगितली गेली नाही. ती सांगितली गेली फेनर ब्रॉकवे नावाच्या एका पस्तिशीतल्या, चष्मा लावणाऱ्या किडकिडीत माणसाची म्हणून. तो तिसरा आला होता. सांगणारे माझे आजोबा, नाना. त्या मतदारसंघात नानांचं स्वतःचं मत होतं.

नाना १९२२ च्या ऑक्टोबरात साताऱ्याहून बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेले. घरी जमीन होती, पण रोकड बेताची. पणजोबांनी मळा गहाण टाकला तेव्हा बोटीच्या तिकिटाची आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय झाली. बरोबरचे हिंदी विद्यार्थी ब्लूम्सबरीकडे राहत. नानांनी कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारामागे एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. भाडं कमी होतं आणि कोर्टाच्या बाजूला चालत जाता येत होतं. भाडं कमी का, ते पहिल्याच रात्री समजलं. मध्यरात्र उलटली की कोबी-बटाट्याच्या गाड्या येऊ लागत. हमाल वेताच्या गोल टोपल्यांची उंच चळत डोक्यावर तोलत खालून हाका मारत जात. नानांचा अभ्यास पहाटे त्या कोलाहलातच व्हायचा. म्हातारपणीसुद्धा साताऱ्याच्या मंडईत गेले की ते हमालांशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नसत.

१९१८ च्या कायद्याने इंग्लंडात एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत दिलं होतं. अट एकच, सहा महिने त्या भागात राहिलेला असावा. बायकांना तीस वर्षं पुरी झाल्यावर मत मिळे, तेही काही अटींवर. हिंदुस्थानातून आलेला माणूस बादशहाचा प्रजाजन, तेव्हा त्यालाही हाच नियम लागू. नानांच्या घरमालकिणीने यादीसाठी आलेल्या माणसाला सगळ्या भाडेकरूंची नावं दिली, त्यात यांचंही नाव गेलं. तिने ते धड लिहिलं नव्हतं म्हणे, पण यादीत आलं.

इकडे साताऱ्यात याच माणसाला मत नव्हतं. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कौन्सिलच्या निवडणुका होऊ लागल्या होत्या. पण खेड्यात मत ठरावीक शेतसारा भरणाऱ्याला, आणि सातबारा पणजोबांच्या नावावर. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक कौन्सिलांचे मतदार पन्नास-पंचावन्न लाखांच्या घरात होते. बाकीचे कोट्यवधी लोक नुसते बघणारे. ज्या पार्लमेंटातून आपल्यावर राज्य चालतं, ते जिथे भरतं त्याच भागाचा सभासद निवडायला आपण मत द्यायचं, आणि आपल्या गावात कौन्सिलला द्यायचं नाही, ही गोष्ट नानांना आयुष्यभर बोचत राहिली. ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा. ‘अगं, समुद्र ओलांडला की मी माणूस झालो, आणि परत आलो की पुन्हा रयत,’ असं म्हणायचे.

पणजोबांना मात्र या मताचं फार अप्रूप. त्यांच्या लहानपणी घरात एक गोष्ट सांगितली जाई, १८९२ ची. दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटात निवडून आले ते फक्त पाच मतांनी. २,९६१ विरुद्ध २,९५६. पणजोबा तेव्हा शाळेत होते. त्यांच्या मास्तरांनी फळ्यावर ते दोन आकडे मांडून वजाबाकी करायला लावली होती. नाना बोटीवर चढले तेव्हा पणजोबांनी त्यांना परदेशी जाऊन मांसमच्छर खाऊ नको हे सांगितलं, आणि दादाभाईंची पाच मतं विसरू नको हेही सांगितलं. आमच्या घरात मत मोजण्याची आस्था अशी वरून खाली आलेली आहे.

आता ती निवडणूक कशामुळे आली ते सांगते. १९२३ च्या डिसेंबरात इंग्लंडात सार्वत्रिक निवडणूक झाली. हुजूर पक्षाला २५८, मजूर पक्षाला १९१ आणि लिबरलांना १५८ जागा मिळाल्या. कोणालाच बहुमत नाही. अ‍ॅस्क्विथच्या लिबरलांनी बाल्डविनचं सरकार पाडायला हात दिला आणि २२ जानेवारी १९२४ ला रॅम्से मॅकडोनल्ड पंतप्रधान झाले. इंग्लंडच्या इतिहासातलं पहिलं मजूर सरकार. चर्चिल तोवर लिबरल होते. मजुरांच्या हाती राज्य जाणं हे त्यांना राष्ट्रावरचं संकट वाटत होतं, आणि ते संकट आपल्याच पक्षाने आणलं म्हणून ते पक्षातून बाहेर पडत होते. त्यांचे दिवसही वाईट होते. १९२२ साली ऐन निवडणुकीत त्यांचं अपेंडिक्स कापावं लागलं आणि डंडीची जागा गेली. वर्षभराने लेस्टर वेस्टमध्ये मजूर पक्षाच्या पेथिक-लॉरेन्सनी त्यांना हरवलं. हे नाव ध्यानात ठेवावं. बावीस वर्षांनी हेच गृहस्थ भारतमंत्री म्हणून कॅबिनेट मिशन घेऊन दिल्लीला आले.

अपेंडिक्सवरून आठवलं. त्याच जानेवारीत, १२ तारखेला, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. गांधीजी येरवड्याचे कैदी होते. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिलं. आजीचे भाऊ तेव्हा पुण्यात शिकत होते. ससूनच्या फाटकाबाहेर लोक कसे ताटकळत उभे असायचे हे त्यांनी आजीला कळवलं आणि आजीने ते नानांना. ते पत्र लंडनला पोचलं तेव्हा वेस्टमिन्स्टरच्या पोटनिवडणुकीची धामधूम सुरू झाली होती. नानांच्या डोक्यात या दोन गोष्टी कायमच्या एकत्र बसल्या. ससूनचं नाव निघालं की ते वेस्टमिन्स्टरवर येत, आणि ऐकणाऱ्याला दुवा लागत नसे.

वेस्टमिन्स्टर ॲबीचा सभासद, हुजूर पक्षाचे ब्रिगेडियर जनरल निकल्सन, फेब्रुवारीत वारले. जागा हुजूर पक्षाची, अगदी खात्रीची. पक्षाच्या स्थानिक मंडळींनी दिवंगत सभासदाच्याच पुतण्याला, ओथो निकल्सनना, उभं केलं. चर्चिलना ही जागा हवी होती. पक्षात परत यायचं, पण पक्षाचा अर्ज न भरता यायचं, असा त्यांचा बेत. ‘कॉन्स्टिट्यूशनलिस्ट’ असं बिरुद लावून ते उभे राहिले. लिबरलांनी जेम्स स्कॉट डकर्स नावाच्या वकिलाला उभं केलं आणि मजूर पक्षाने ब्रॉकवेंना.

चौघांपैकी दोघे तुरुंगात जाऊन आलेले होते, आणि तेही एकाच गुन्ह्यासाठी. पहिल्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती आली तेव्हा ‘माणूस मारणार नाही’ म्हणून बंदूक घ्यायला नकार देणाऱ्यांत डकर्सही होते आणि ब्रॉकवेही. ब्रॉकवेंनी तर सक्तीच्या भरतीविरुद्ध संघटनाच उभी केली होती. आणि त्यांच्यासमोर होते चर्चिल, युद्धाच्या सुरुवातीला आरमाराचे मंत्री, डार्डानेल्सच्या मोहिमेचा डाग अंगावर असलेले. युद्ध संपून साडेपाच वर्षंही झाली नव्हती. घराघरात कुणी ना कुणी गेलेलं. मला वाटतं, त्या निवडणुकीचा खरा सामना हाच होता. चरित्रांत तो दोन हुजूरपंथीयांच्या भांडणाखाली झाकला जातो.

ब्रॉकवेंचा जन्म १८८८ चा, कलकत्त्यातला. आईवडील मिशनरी. लहानपणीच शिक्षणासाठी इंग्लंडात पाठवलेले. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी काँग्रेसच्या लंडनमधल्या ब्रिटिश कमिटीचं काम केलं होतं, म्हणून हिंदी विद्यार्थ्यांना ते नाव माहीत होतं. नाना त्यांच्या एका सभेला बाजाराजवळच्या हॉलमध्ये गेले. ‘भाषण फार मोठं नव्हतं,’ नाना म्हणायचे, ‘पण मागच्या बाकावर बसलेल्या हमालाने प्रश्न विचारला, तर त्याला तो ‘सर’ म्हणून उत्तर द्यायचा.’ सभा संपल्यावर नानांनी जवळ जाऊन आपण हिंदुस्थानातले आहोत असं सांगितलं. ब्रॉकवेंनी हात हातात घेतला आणि विचारलं, गांधींची तब्येत कशी आहे? नानांकडे आजीचं पत्र होतं, त्यातलं सगळं त्यांनी सांगितलं. साताऱ्यात बसून आजीने लिहिलेल्या चार ओळी अशा वेस्टमिन्स्टरच्या उमेदवारापर्यंत पोचल्या. आजीला हे फार आवडायचं. नाना गोष्ट सांगताना हा भाग गाळायला लागले, तर ती स्वयंपाकघरातून आठवण करून द्यायची.

चर्चिलच्या प्रचाराचा थाट काही वेगळाच होता. या मतदारसंघात काय नव्हतं? पार्लमेंट, व्हाइटहॉलच्या कचेऱ्या, पॅल मॅलचे क्लब, नाटकगृहं, सोहोची हॉटेलं, आणि भाजीबाजार. चर्चिल चार घोड्यांच्या गाडीतून रस्त्यांवरून फिरायचे, वर तुतारी वाजवणारा बसलेला. ड्यूक, जॉकी, मुष्टियोद्धे, नट आणि व्यापारी त्यांच्यासाठी फिरत होते. डेलीज थिएटरमधल्या नाचणाऱ्या मुली खेळ संपल्यावर रात्रभर बसून पाकिटांवर पत्ते घालत होत्या. रॉदरमियर आणि बीव्हरब्रुक यांची खपाची वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूने. हुजूर पक्षाचे कितीतरी सभासदही उघड त्यांच्याकडे गेले. बाल्डविनना आपल्या मोठ्या पुढाऱ्यांनी यात पडू नये असं वाटत होतं. पण लिओ अमेरी यांचं निकल्सनच्या बाजूने पत्र छापून आलं, आणि मग बाल्फोरचं चर्चिलच्या बाजूचं पत्रही बाहेर पडलं. एकाच पक्षाच्या दोन मोठ्या माणसांनी दोन उमेदवारांना आशीर्वाद दिले. आपल्याकडच्या मतदाराला हे चित्र नवीन वाटणार नाही.

आम्हा मुलांना तुतारीवाली गाडी फार आवडायची. नाना ती सांगायचे, तुतारीचा आवाजही काढून दाखवायचे. मग लगेच म्हणायचे, ‘आता बाजारात चला.’ बाजारात चार घोड्यांची गाडी आली की हमाल टोपल्या खाली ठेवून बघत. कुणी टाळ्या वाजवी, कुणी ‘डार्डानेल्स’ असं ओरडे. हॉटेलांतले वाढपी, शिंपीकाम करणाऱ्या बायका, कचेऱ्या झाडणाऱ्या बायका, नाटकगृहांत पडदे ओढणारी माणसं हीसुद्धा वेस्टमिन्स्टरच होती. पार्लमेंटची इमारत जिथून दिसते तिथे अशी माणसं राहतात, हे नानांना इथे बसून कधी कळलं नसतं.

मतदानाच्या दिवशी नाना सकाळी आंघोळ करून, सातारी धाटणीचा फेटा बांधून गेले. एरवी ते हॅट घालत. घरमालकिणीने विचारलं, आज काय सण आहे? नाना ‘हो’ म्हणाले. मतपत्रिकेवर चार नावं होती. त्यांनी ब्रॉकवेंच्या नावापुढे फुली केली. मत गुप्त असतं, पण नानांनी ते कधी लपवलं नाही, त्या रात्री पत्र लिहून आजीलाही कळवलं.

मोजणीचा प्रसंग चर्चिलनी पुढे स्वतःच लिहिला आहे. शेवटचे गठ्ठे मोजत असताना कुणीतरी त्यांना सांगितलं की तुम्ही शंभर मतांनी आलात. आत आरोळी उठली, ती बाहेरच्या गर्दीने उचलली, आणि ही बातमी तारेने जगभर गेली. मिनिटभरात खरे आकडे आले. ओथो निकल्सन ८,१८७. चर्चिल ८,१४४. ब्रॉकवे ६,१५६. डकर्स २९१. एकूण २२,७७८ मतांत ४३ चा फरक, म्हणजे दर हजारी दोन मतांपेक्षाही कमी. नाना त्या गर्दीत होते. आधी उठलेली आरोळी आणि मग पसरलेली शांतता त्यांनी कानांनी ऐकली. आसपासचे काही लोक रडत होते, काही नाचत होते, आणि बाजारातले हमाल मात्र ६,१५६ हा आकडा एकमेकांना सांगत होते.

तो आकडा नानांनी आम्हाला पाढ्यासारखा पाठ करायला लावला. शेकडा सत्तावीस. जिथे राजवाडे आणि क्लब, जिथे हुजूर पक्षाचा खांब रोवलेला, तिथे युद्धाला नाही म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाला चारांतल्या एकाहून जास्त मतदारांनी मत दिलं. माझ्या दृष्टीने त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी ही होती. ४३ हा आकडा योगायोगाचा, त्यात दोन्ही बाजूंना सारखंच नशीब. ६,१५६ च्या मागे माणसं होती.

आमच्या ओट्यावर संध्याकाळी एक निवृत्त मामलेदार येऊन बसत. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणत असू. त्यांना या निवडणुकीची वजाबाकी आवडायची. ते म्हणत, डकर्सची २९१ मतं म्हणजे चर्चिलचीच; तो लिबरल उभा नसता तर चर्चिल आरामात आले असते. नाना म्हणत, डकर्सला मत देणारे युद्धविरोधी होते, ते चर्चिलना कशाला देतील? यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. डकर्सना एवढी कमी मतं पडली की त्यांची १५० पौंडांची अनामत गेली. तेव्हा एक अष्टमांश मतं मिळाली नाहीत तर ती जात असे. भाऊसाहेबांना त्या माणसाची दया यायची. नानांना अभिमान वाटायचा. २९१ मतांसाठी १५० पौंड गमावून उभा राहिलेला माणूस त्यांना निकल्सनपेक्षा मोठा वाटे. मीही नानांच्याच बाजूची आहे.

त्यानंतरचं वर्ष मात्र नानांना कठीण गेलं. ज्या पक्षाला मत दिलं त्याच पक्षाच्या सरकारच्या काळात, १९२४ च्या ऑक्टोबरात, बंगालमध्ये वटहुकूम निघाला आणि सुभाषचंद्र बोस यांच्यासह अनेकांना खटल्याशिवाय अटकेत टाकलं गेलं. नाना अजून लंडनमध्येच होते. घरमालकिणीला त्यांनी विचारलं, आम्ही मत दिलं ते यासाठी का? तिच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच महिन्यात सार्वत्रिक निवडणूक झाली, मॅकडोनल्डचं सरकार गेलं. चर्चिल एपिंगहून मोठ्या मताधिक्याने निवडून आले आणि नोव्हेंबरात बाल्डविनच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. मार्चमध्ये ४३ मतांनी पडलेला माणूस आठ महिन्यांत साम्राज्याच्या तिजोरीवर बसला. म्हणून भाऊसाहेब म्हणत, मग त्या ४३ मतांचा उपयोग काय झाला? नाना म्हणत, उपयोग बघून मत द्यायचं असतं तर मी फुली केलीच नसती.

आणि ब्रॉकवे बदलले नाहीत. नानांची श्रद्धा टिकली ती पक्षामुळे नाही, या एका माणसामुळे. १९२७ च्या अखेरीला ते मद्रासच्या काँग्रेससाठी हिंदुस्थानात आले, मोटारीच्या अपघातात जखमी होऊन तिथल्या रुग्णालयात पडले, आणि गांधीजी त्यांना भेटायला गेले. १९२९ साली ते लेटन ईस्टमधून पार्लमेंटात आले. १९३० च्या जुलैत इकडे सत्याग्रह चालू, तुरुंग भरलेले, आणि राज्यावर पुन्हा मजूर सरकार. ब्रॉकवे स्वतःच्याच सरकारकडे हिंदुस्थानवर चर्चा मागत राहिले. सभापतींनी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत, म्हणून त्यांना निलंबित केलं गेलं. त्याच्या निषेधार्थ जॉन बेकेट नावाच्या सभासदाने कॉमन्स सभेतला राजदंड उचलला. नाना तेव्हा साताऱ्यात वकिली करत होते. बातमी वाचून त्यांनी ते वर्तमानपत्र घडी घालून कपाटात ठेवलं. आजी सांगायची की त्या दिवशी ते कोर्टात गेलेच नाहीत. दुसरीकडे चर्चिलनी १९३१ च्या जानेवारीत हुजूर पक्षाच्या पुढाऱ्यांची बैठक सोडली ती हिंदुस्थानला काहीही द्यायला नको म्हणून, आणि पुढच्याच महिन्यात एपिंगला गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवलं. वेस्टमिन्स्टरच्या मतपत्रिकेवरची दोन नावं आणि आपला देश यांचा संबंध इतका सरळ होता. १९२४ साली तो फार थोड्यांना दिसला असेल. बाजारामागच्या खोलीत राहणाऱ्या एका मराठी मुलाला तो दिसला, हे मी घरचं माणूस म्हणून सांगत नाही. फुली कुठे केली त्यावरून सांगते.

आजीने आपलं पहिलं मत १९५२ साली दिलं. नाना तिच्याबरोबर शाळेपर्यंत गेले, आत तिला एकटीला पाठवलं. बाहेर आल्यावर तिने कोणाला दिलं ते सांगायला नकार दिला, आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

१९६४ च्या ऑक्टोबरात मी दहा वर्षांची होते. नाना रेडिओ लावून बसले होते, इंग्लंडच्या निवडणुकीचे निकाल येत होते. मजूर पक्ष तेरा वर्षांनी सत्तेवर येत होता, पण नानांना पाहिजे असलेली बातमी काही दिवसांनी टपालाने आलेल्या इंग्रजी वर्तमानपत्रात सापडली. ईटन अँड स्लाउ इथून १९५० पासून निवडून येणारे फेनर ब्रॉकवे हरले होते. वय पंचाहत्तर. साऱ्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी आणि वंशभेदाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटलेला माणूस, आपला पक्ष जिंकत असताना ११ मतांनी पडला. नाना मला म्हणाले, ‘पाच, त्रेचाळीस, अकरा. हे तिन्ही आकडे वहीत लिही.’ मी लिहिले. ती वही पुढे हरवली, आकडे हरवले नाहीत.

वेस्टमिन्स्टर ॲबी हा मतदारसंघ १९५० सालीच मोडीत निघाला होता. नाना १९६७ ची निवडणूक पाहून गेले. ब्रॉकवे पराभवानंतर लॉर्ड्स सभेत गेले आणि बोलत राहिले. २८ एप्रिल १९८८ ला, शंभरी गाठायला सहा महिने उरले असताना, ते वारले. भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मभूषण दिलं ते १९८९ साली.